भाड्याच्या गाडीचं डिपॉझिट कुठे कुठे कापलं जातं

गोव्यात, कोकणात किंवा पुण्या-मुंबईत स्वतः चालवायला गाडी भाड्याने घेतली की भांडण गाडी घेताना होत नाही, परत देताना होतं. विमानाची वेळ झालेली असते, पोरं कंटाळलेली असतात, आणि गाडी न्यायला आलेला माणूस मागच्या बंपरपाशी वाकून म्हणतो, "हे आधी नव्हतं." तेव्हा दाखवायला हातात काही नसेल तर पाच हजारांच्या डिपॉझिटमधले तीन हजार गेलेच म्हणून समजा. आवाज चढवून ते परत येत नाहीत. पहिल्या अर्ध्या तासात नीट काम केलं असेल तर बहुतेक वेळा वाद सुरूच होत नाही.

सगळ्यात आधी नंबर प्लेट बघा. स्वतः चालवायला भाड्याने देण्याची परवानगी असलेल्या गाडीची प्लेट काळी असते आणि त्यावर पिवळी अक्षरं असतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ७५ खाली १९८९ ची रेंट-अ-कॅब योजना आहे, त्यात हा व्यवसाय बसतो. पांढऱ्या प्लेटची गाडी म्हणजे खासगी नोंदणीची. "घरचीच आहे, कमी चालली आहे" असं सांगून ती थोडी स्वस्तात देतात. घेऊ नका. खासगी गाडीची विमा पॉलिसी भाड्याच्या वापराला लागू होत नाही, त्यामुळे अपघात झाल्यास कंपनी दावा नाकारू शकते आणि दुरुस्तीचा सगळा आकडा तुमच्यापुढे येतो. परवान्याविना असा वापर केल्याबद्दल कलम १९२-अ खाली पहिल्याच वेळी १० हजारांचा दंड आहे. पोलिसांनी अडवलं तर "मित्राची गाडी आहे म्हणा" असं मालक फोनवर शिकवतो. तसं एकदा सांगितलं की आपण भाडं भरलं होतं हे नंतर कुठल्या तोंडाने मांडणार?

मग कागद. आरसीच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि त्यात चासी नंबरची शेवटची पाच अक्षरं-अंक स्पष्ट आलेत ना ते पाहा. ई-चलन तपासताना तेच लागतात, आणि गाडी परत गेल्यावर ते मागायला जाल तर मिळणार नाहीत. विमा, पीयूसी आणि फिटनेसच्या तारखा एमपरिवहन अॅपमध्ये गाडीचा नंबर टाकून बघता येतात. पीयूसी संपली असेल तर गाडी बदलून मागा, कारण रस्त्यात अडवतील ते तुम्हाला.

ओळख म्हणून लायसन्सची प्रत द्या, आधार द्यायचंच असेल तर पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार द्या. मूळ लायसन्स, मूळ आधार किंवा पासपोर्ट ठेवून घेऊ देऊ नका. कोरा सही केलेला चेक तर अजिबात नको. डिपॉझिट यूपीआयने भरा आणि शेरा लिहायच्या जागेत "गाडी क्रमांक अमुक, परत मिळणारं डिपॉझिट" असं टाका. रोख दिलं आणि पावती नसली तर ते डिपॉझिट होतं की भाडं, हेसुद्धा सिद्ध करत बसावं लागतं.

करार आदल्या दिवशी व्हॉट्सअॅपवर मागवा. ताब्यात घेताना पार्किंगमध्ये उभं राहून कुणी चार पानं वाचत नाही, आणि देणाऱ्याला ते माहीत असतं. वाचताना थांबायचं ते आकड्यांपाशी. दिवसाला किती किलोमीटर धरलेत आणि वरच्या किलोमीटरला काय दर आहे? उशीर झाला तर तासाचे पैसे लागतात की पूर्ण दिवसाचे? नुकसान झालं तर तुमची जबाबदारी कुठल्या रकमेपर्यंत? गाडी दुरुस्तीला गेल्यावर बुडालेल्या भाड्याचं काय? आणखी दोन अटींकडे हमखास दुर्लक्ष होतं. चालक म्हणून ज्यांची नावं नोंदवली आहेत त्यांनीच गाडी चालवायची असते. घाटात तुम्ही थकलात आणि बायकोने किंवा भावाने स्टिअरिंग घेतलं, तर करार मोडल्याचं निमित्त मिळतं. म्हणून सगळ्यांची लायसन्स आधीच द्या. दुसरी अट राज्याच्या हद्दीची. गोव्यात घेतलेली गाडी मालवण-तारकर्लीला किंवा गोकर्णला न्यायची असेल तर लेखी परवानगी घ्या. गाडीत जीपीएस असतो, पत्रादेवीची राज्यसीमा ओलांडल्याचं मालकाला तिथल्या तिथे कळतं आणि दंड थेट डिपॉझिटमधून जातो.

तोंडी बोलणं झालं असेल ते लगेच लिहून पाठवा. असा मेसेज पुरतो: "दादा, आपलं ठरलं ते लिहितो. गाडी अमुक, शुक्रवार सकाळी १० ते सोमवार सकाळी १०. रोज ३०० किलोमीटर, पुढे किलोमीटरला १० रुपये. डिपॉझिट ५०००, गाडी परत दिल्यावर ४८ तासांत परत. चालक मी आणि माझी पत्नी. मालवणपर्यंत न्यायला तुमची हरकत नाही. बरोबर आहे ना?" समोरून "हो" किंवा अंगठा आला की तो करारापेक्षा कमी कामाचा नाही.

आता गाडीचा व्हिडिओ. हाच सगळ्यात मोलाचा भाग आहे आणि लोक तो तीस सेकंदांत उरकतात. फोटो सुटे सुटे असतात. हा याच गाडीचा कशावरून, त्याच दिवशीचा कशावरून, असे प्रश्न निघतात. म्हणून न थांबवता एकच सलग व्हिडिओ घ्या. सुरुवात नंबर प्लेटपासून करा, गाडीभोवती घड्याळाच्या दिशेने पूर्ण फेरी मारा, मग दार उघडून आत या, इग्निशन चालू करून ओडोमीटर, इंधनाचा काटा आणि पेटलेले इशारा-दिवे दाखवा. गाडी द्यायला आलेला माणूस सोबत असेल तर तारीख-वेळ मोठ्याने बोला आणि दिसेल तो ओरखडा बोलून दाखवा: "डाव्या मागच्या दारावर बोटभर ओरखडा." गाडीपासून हातभर अंतर ठेवून सावकाश चालायचं. चार-पाच मिनिटं लागतात.

ओल्या गाडीवर बारीक ओरखडे दिसत नाहीत, पाणी त्यांत भरतं. नुकतीच धुऊन, पाणी निथळत असलेली गाडी आणून दिली तर फडकं मागा आणि पुसून घ्या. पावसाळ्यात छताखाली चला. कोकणात आणि गोव्यात लाल धुळीचा थर असतो, तोही पुसल्याशिवाय खालचं कळत नाही. पोचे समोरून बघून दिसत नाहीत. मोबाइलचा टॉर्च पत्र्याला जवळजवळ समांतर धरा, म्हणजे सावली पडून खड्डा उठून दिसतो. रात्री किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी मिळणार असेल तर हे करावंच लागेल.

वाद होतात त्या जागा ठरलेल्या आहेत. पुढच्या बंपरची खालची कडा, जी फुटपाथला घासते. चारही रिमच्या कडा. आरशांचे बाहेरचे पाठ. दारांच्या कडा आणि हँडलच्या मागची वाटी. पुढची काच, खडीच्या ठिपक्याएवढ्या खुणांसकट. छत आणि डिकीचं झाकण, कारण तिथे सामान घासतं आणि उंचीमुळे कुणी बघत नाही. मोबाइल जमिनीलगत धरून पुढच्या बाजूने गाडीखालचाही एक तुकडा घ्या, तेल गळत असेल तर तिथेच दिसेल. डिकीत स्टेपनी, जॅक, पाना आणि टो करायचा हुक आहे का ते दाखवा. चारही टायर आणि स्टेपनीवरचा चार अंकी आकडा टिपा. '२३२२' म्हणजे २०२२ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. "चांगला टायर काढून जुना बसवलात" हा आरोप त्या एका फोटोने संपतो. टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल, म्हणजे खाचेतल्या उंचवट्यापर्यंत रबर झिजलं असेल, तर गाडी घेऊच नका.

क्लचचा वाद वेगळा, कारण तो फोटोत येत नाही. आंबोली किंवा चोर्ला घाट उतरून आलेल्या गाडीबद्दल "तुम्ही क्लच जाळलात" असं सांगून मोठी रक्कम मागतात. गाडी घेतल्यावर पहिल्याच मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये सावकाश चालवून एकदम अॅक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज आणि आरपीएम वर जाऊन वेग तसा वाढत नसेल तर क्लच आधीच घसरतो आहे. तिथल्या तिथे थांबून मालकाला लिहा आणि गाडी बदलून मागा. ब्रेकचा करकर आवाज, स्टिअरिंग एका बाजूला ओढणं, एसी थंड न होणं, हेही पहिल्या तासात लिहून मोकळे व्हा. दुसऱ्या दिवशी लिहिलंत तर दोष तुमच्या माथी येतो.

व्हिडिओ त्याच वेळी मालकाला पाठवा. साधा पाठवला तर व्हॉट्सअॅप तो दाबून लहान करतं आणि बारकावे जातात, म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा. मूळ फाइल फोनमध्ये तशीच राहू द्या, कापू नका, नाव बदलू नका. प्रकरण ग्राहक आयोगापर्यंत गेलंच तर भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि मूळ फोनमधली मूळ फाइल असली की ते सोपं जातं. अॅपवरून गाडी घेतली असेल तर अॅपमध्येही फोटो चढवा, पण त्यांच्या सर्व्हरवर विसंबून स्वतःचे पुसू नका.

इंधनाच्या बाबतीत नियम साधा: जेवढं मिळालं तेवढं परत. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन चालू करून मिनिटभराने काट्याचा फोटो घ्या. उतारावर काटा खोटं सांगतो. सीएनजी गाडी असेल तर गॅस आणि पेट्रोल, दोन्हीचे फोटो हवेत. परत देण्याआधी जवळच्या पंपावर भरून पावती ठेवा. कमी भरलं म्हणून पैसे मागितले तर टाकीच्या मापाने हिशेब करा. स्विफ्टची टाकी ३७ लिटरची आहे, वॅगनआरची ३२, अर्टिगाची ४५. स्विफ्टमध्ये पाव टाकी कमी म्हणजे साधारण नऊ लिटर. लिटरला शंभर रुपये धरले तरी नऊशे होतात. दोन हजार मागत असतील तर हा हिशेब शांतपणे लिहून पाठवा. टाकीचं माप लिहिलं की बहुतेक जण खाली येतात.

टोलचं बिल तर तपासलंच पाहिजे. मालकाने व्हॉट्सअॅपवर टाइप केलेली यादी म्हणजे पुरावा नव्हे. फास्टॅग ज्या बँकेचा आहे तिचं स्टेटमेंट मागा. त्यात टोल नाक्याचं नाव आणि टॅग वाचल्याची वेळ येते. ती वेळ तुमच्या ताब्याच्या काळातली आहे का ते बघा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा पूर्ण अंतराचा एकेरी टोल कारला १ एप्रिल २०२३ पासून ३२० रुपये आहे. अटल सेतूचा एकेरी २५० आहे. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर, म्हणजे वाशी, ऐरोली, मुलुंडचे दोन आणि दहिसर इथे, हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही. तरीही "वाशी टोल" यादीत दिसला तर बाकीची यादीही बारकाईने बघा. सर्वांत बरं म्हणजे निघताना टॅगवरच्या शिलकेचा स्क्रीनशॉट मागायचा, गाडीच्या नंबरवर यूपीआयने स्वतः रिचार्ज करायचा आणि शेवटी पुन्हा स्क्रीनशॉट मागायचा. उरलेली रक्कम परत मागायला लाजू नका. टॅग रिकामा राहिला तर राष्ट्रीय महामार्गावर रोखीने दुप्पट भरावे लागतात. नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने भरल्यास सव्वापट लागतात.

चलनाच्या नावाखाली डिपॉझिट आठवडेच्या आठवडे अडकवतात. ई-चलन मागाहून येतं हे खरं आहे, द्रुतगती मार्गावर तर आता जागोजागी कॅमेरे आहेत. त्यामुळे थोडी रक्कम काही दिवस राखून ठेवणं मी अन्याय मानत नाही, पण किती आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे लिहून हवं. गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे अंक घालून परिवहनच्या ई-चलन संकेतस्थळावर आणि महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर तुम्ही स्वतः दर आठवड्याला बघू शकता. चलनावर मिनिटापर्यंत वेळ आणि गाडीचा फोटो असतो. तुमच्या आधीच्या माणसाचं चलन तुमच्या नावे फाडलं जातं ते वेळ न बघितल्यामुळे. काही मालक जीपीएसच्या आकड्यावर "वेगमर्यादा ओलांडली" म्हणून स्वतःचाच दंड लावतात. अनेक काळ्या प्लेटच्या गाड्यांना ताशी ८० चा वेग-नियंत्रक बसवलेला असतो. तशा गाडीत ११० चा आरोप आला तर नोंद मागा.

आणि तरीही नुकसान झालं तर? आरसा मोडला, बंपर घासला, असं होतंच. जे केलं ते भरायला हवं, यात दुमत नाही. पण भरायचं ते झालेल्या नुकसानाचं. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा असते. "ओरखड्याला सरसकट पाच हजार" ही ओळ म्हणजे शेवटचा शब्द नाही.

ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकलं नाही तर तो वरच्या थरातला आहे आणि रबिंग-पॉलिशने जातो. अडकलं तर त्या पॅनलचं रंगकाम लागेल. एका पॅनलचं, अर्ध्या गाडीचं नाही. अंदाजपत्रकावर पैसे देऊ नका, कारण अंदाजपत्रक घेऊन दुरुस्ती न करता तोच ओरखडा पुढच्या गिऱ्हाइकालाही दाखवता येतो. गॅरेजचं जॉब कार्ड आणि जीएसटी असलेलं पक्कं बिल मागा, भाग बदलला असेल तर जुना भाग दाखवायला सांगा. विम्याचा दावा केला आहे का, हे लेखी विचारा. विमा कंपनीकडूनही आणि तुमच्याकडूनही पूर्ण रक्कम घेणं चालणार नाही. दावा झाला असेल तर तुमच्याकडून मागता येते ती विम्याने न दिलेली रक्कम.

पाच वर्षं चाललेल्या गाडीच्या बंपरला नव्या बंपरची किंमत मागतात तेव्हा विम्यातल्या घसाऱ्याचे, म्हणजे वापराने किंमत किती घटली याचे, दर उपयोगी पडतात. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरीला ५० टक्के घसारा धरतात, फायबरला ३०, काचेला शून्य. पत्र्याला गाडीच्या वयाप्रमाणे: पहिल्या सहा महिन्यांत शून्य, दुसऱ्या वर्षात १०, तिसऱ्यात १५, चौथ्यात २५, पाचव्यात ३५ टक्के. हे दर तुमच्या करारावर आपोआप बंधनकारक नाहीत, पण जुन्या वस्तूच्या जागी नवीचे पैसे का नाहीत, हे समजवायला याहून चांगलं मोजमाप नाही. बुडालेल्या भाड्याचंही तसंच. जॉब कार्डवर गाडी आत गेल्याची आणि बाहेर आल्याची तारीख असते, तेवढेच दिवस मोजा. दर तुम्ही ज्या दराने घेतली तो, नाताळातला नाही.

अपघात मोठा असेल तर जागेवरचे फोटो, ११२ ला फोन, मालकाला लगेच लेखी कळवणं, एवढं आधी करा. रस्त्यावरच्या पेंटरकडून गुपचूप रंगवून घेणं सगळ्यात महाग पडतं. विमा कंपनीला उशिरा किंवा चुकीचं कळलं की दावा अडतो आणि मालकाला सगळी रक्कम तुमच्याकडून मागण्याचं कारण मिळतं.

पावसाळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारू नका. पाणी सिलिंडरमध्ये शिरलेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हे इंजिनचं नुकसान धरत नाहीत, त्यासाठी वेगळं इंजिन-संरक्षण घ्यावं लागतं. जून ते सप्टेंबरमध्ये गाडी घेताना ते आहे का एवढा एक प्रश्न विचाराच, कारण इथे आकडा लाखात जातो. गोव्यात किनाऱ्यावर वाळूत गाडी घालणं बेकायदा आहे. तिथे रुतली तर पोलिसांचा दंड, ओढून काढण्याचे पैसे आणि मालकाची कपात, तिन्ही तुमच्याच खिशातून जातात.

परत देताना उजेड असेल अशी वेळ ठरवा, विमानाच्या वेळेआधी पाऊण तास जास्त ठेवा आणि तोच व्हिडिओ पुन्हा घ्या, त्याच क्रमाने. किल्ली देताना "गाडी मिळाली, नुकसान नाही" एवढं व्हॉट्सअॅपवर लिहून मागा. मालक आला नाही आणि किल्ली हॉटेलच्या काउंटरवर ठेवायला सांगितली, तर व्हिडिओत किल्ली ठेवतानाचं दृश्य आणि गाडी उभी असल्याची जागा येऊ द्या. त्यानंतर गाडीला काय झालं याला तुम्ही जबाबदार नाही, हे त्यावरून दाखवता येतं.

पैसे आले नाहीत तर आधी एक लेखी मागणी करा: तारखा, रक्कम, दोन्ही व्हिडिओ, आणि पंधरा दिवसांची मुदत. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे मराठीत बोलता येतं. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही, पण तक्रार नोंदली गेली की बऱ्याच कंपन्या हलतात. तरीही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये बिल किंवा पावती न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, आणि नुकसानाच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारा करार अन्याय्य करारात मोडतो. गाडी गोव्यात घेतली असली तरी तक्रार तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, म्हणजे सांगलीच्या माणसाला पणजीला खेपा घालाव्या लागत नाहीत. गाडीसाठी भरलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल होते. मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. तेवढे दिवस ते दोन व्हिडिओ फोन बदलला तरी जपून ठेवा.